माथा कुठला, तळ कुठला

बेसॉल्ट काळा असतो, कठीण असतो आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापलेला आहे, एवढं शाळेच्या भूगोलातून माझ्याजवळ शिल्लक होतं. जुन्या कात्रज घाटात, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी सरांनी माझ्या हातात एकामागोमाग तीन दगड दिले, आणि त्या शिदोरीचा काही उपयोग होईना. पहिला करडा-काळा, घट्ट, हाताला चांगलाच जड. दुसरा जांभळट तपकिरी, भोकाभोकांचा, बोटाने दाबला तर कडेने भुगा होणारा. तिसऱ्यात पांढरे गोल ठिपके, प्रत्येकाला हिरवट कडा. तीन दगडांची तीन नावं असणार असं धरून मी वही उघडली. सर म्हणाले, "ताई, नाव एकच लिहा. हे तिन्ही एकाच प्रवाहातले आहेत."

सर भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पावसाळा सरला की रविवारी चार-सहा हौशी माणसांना घेऊन डोंगरात जातात. मी त्यांच्यात नवी. आयुष्य हिशेबाच्या खात्यात गेलं. सह्याद्रीत मात्र लहानपणापासून हिंडले. गड चढले, टाक्यातलं पाणी प्यायले, कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून उतरले. पायाखालचा कातळ कसला आहे आणि तो तिथे कसा आला, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच उत्तराने गोंधळात पडले. रंग वेगळा, वजन वेगळं, पोत वेगळा, तरी खडक एकच. मग ओळखायचं तरी कशावरून?

सरांनी आधी दगड बाजूला ठेवायला लावले आणि शिलारसापासून सांगायला सुरुवात केली. जमिनीच्या पोटात वितळलेला खडक असतो तो शिलारस. तो बाहेर आला की त्याला लाव्हा म्हणायचं. बेसॉल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. त्यात सिलिकाचं प्रमाण जवळपास निम्मं, म्हणजे इतर लाव्ह्यांच्या मानाने कमी. म्हणून तो पातळ असतो आणि दूरवर वाहतो. थंड होताना त्यात स्फटिक धरू लागतात. इथे मला खडीसाखर आठवली. पाक दोऱ्यावर दिवसेंदिवस संथपणे निवू दिला तर मोठे खडे धरतात. तोच पाक भराभर घोटून गार केला तर बारीक दाणा पडतो. खडकाचंही तसंच. जमिनीखाली खोल, हजारो वर्षं रेंगाळत थंड झालेल्या ग्रॅनाइटमध्ये दाणे डोळ्यांना सहज दिसतात. उघड्यावर आलेल्या लाव्ह्याला तेवढा अवधी मिळत नाही, म्हणून बेसॉल्टचा दाणा इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. फारच झटकन गोठलं तर स्फटिक धरायलाही सवड नसते आणि काच तयार होते.

हे समजलं, पण तीन दगडांचा उलगडा यातून झाला नव्हता. तो झाला सरांनी मला रस्त्याच्या पलीकडे, कापलेल्या भिंतीपासून लांब उभं केलं तेव्हा. जवळून नुसता दगड दिसत होता. लांबून थर दिसू लागले. सर काठीने दाखवत गेले. खाली एक घट्ट, उभ्या भेगांचा पट्टा. तो वर चढत जातो तशी भोकं दिसू लागतात, आधी विरळ, मग दाट. त्यावर हातभर जाडीची विटकरी लाल पट्टी. आणि त्या लाल पट्टीवर पुन्हा काळा, घट्ट खडक सुरू.

"लाल पट्टीपासून लाल पट्टीपर्यंत एक प्रवाह," सर म्हणाले. "आता सांगा, भोकं वरच का?"

लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. दाब सुटला की त्यांचे बुडबुडे होतात आणि वर निघतात. प्रवाहाचा वरचा पापुद्रा हवेला लागून लवकर आवळतो, आतलं अंग मात्र पुढे महिनोन्महिने, जाड प्रवाह असेल तर वर्षानुवर्षं गरम राहतं. वर चाललेले बुडबुडे त्या पापुद्र्याखाली अडकतात आणि तिथेच गोठतात. म्हणून माथा सच्छिद्र. मधलं अंग सावकाश थंड झालेलं, बुडबुडे निघून गेलेलं, म्हणून घट्ट. तळाशीही थोडी भोकं असतात, पण ती वेगळी: ओल्या जमिनीवरून लाव्हा सरकला की उभ्या, बारीक नळ्यांसारख्या पोकळ्या राहतात. प्रवाह तेव्हा अजून हलत असेल तर त्या नळ्या एका बाजूला कललेल्या सापडतात, आणि लाव्हा कुठल्या दिशेला चालला होता ते त्यावरून कळतं.

म्हणजे माझ्या हातातला काळा दगड प्रवाहाच्या पोटातला होता, जांभळट भोकांचा माथ्याचा होता, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा होता तोही माथ्याजवळचाच. फक्त त्याची भोकं नंतर भरून आली होती. जांभळट तपकिरी रंग लोह गंजल्याचा. हिरवी कडा सेलॅडोनाइट नावाच्या लोहयुक्त खनिजाची. त्या दिवशी घरी आल्यावर मी वहीत एवढंच लिहिलं की दगड हातात घेण्याआधी तो कुठे बसला आहे ते बघायचं. पुढे जे काही शिकले ते सगळं याच वाक्याच्या आधाराने.

लाल पट्टीने मात्र मला बराच काळ छळलं. तिला लाल बोल म्हणतात. ती मऊ असते, ओली असली तर चिकणमातीसारखी बोटाला लागते. दोन प्रवाहांच्या मधे ती आहे, म्हणजे खालचा प्रवाह थंड होऊन गेल्यावर काही काळ काहीच घडलं नाही. ऊन-पाऊस झाला, खडक मुरला, आणि मग वरचा तापलेला लाव्हा त्यावर पसरला. तिच्या घडणीबद्दल अभ्यासकांचं पूर्ण एकमत नाही. काही ठिकाणी ती मुरलेल्या माथ्याची माती ठरते, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख बदलून झालेली. मला तिचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणाने. सगळा सह्याद्री एका दमात, एका प्रचंड लोंढ्यात तयार झाला असं माझ्या मनात होतं. लाल पट्टी पाहिल्यावर ते चित्र पुसलं गेलं. मधे स्वस्थ काळ होते. तळी साचली होती, झाडं वाढली होती. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा मधल्या गाळाच्या थरात चक्क बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. नागपूरजवळच्या ताकळीचे असे मधले थरही प्रसिद्ध आहेत. ज्वालामुखीच्या दोन प्रवाहांच्या फटीत बेडूक राहत होते, हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

सह्याद्रीची पायऱ्यापायऱ्यांची ठेवणही याच रचनेतून येते. प्रवाहाचं घट्ट पोट झिजायला तयार नसतं, त्याचा उभा कडा राहतो. सच्छिद्र माथा आणि लाल बोल लवकर झिजतात, तिथे उतार किंवा सपाटी होते. गडाची माची, तिच्यावरचा कातळकडा, त्यावर बालेकिल्ला, ही जी उतरंड आपण पाहतो तिच्या मुळाशी पुष्कळदा हा फरक आहे. बांधणाऱ्यांनी डोंगर वाचून गड बांधले. राजगडाच्या माच्यांवर मी किती वेळा वावरले होते. आता पुन्हा गेले ती तटबंदीऐवजी खालचा कडा बघत.

मग माझा पुढचा प्रश्न आला, आणि तो बहुतेक नवशिक्यांना पडतो असं सर म्हणाले. ज्वालामुखी कुठे आहे? शंकूसारखा डोंगर, त्याच्या टोकाला खळगा, असं काही महाराष्ट्रात दिसत नाही. कारण इथे उद्रेक मुख्यतः लांबच लांब भेगांतून झाले. पातळ लाव्हा भेगेतून वर आला आणि दोन्ही अंगांना पसरत गेला. शंकू रचला जाण्याइतका तो एका जागी थांबलाच नाही. इतिहासकाळात असा मोठा उद्रेक आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथे झाला. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगांच्या रांगेतून आठ महिने लाव्हा येत होता. विषारी वायूंनी गुरं मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. लाकीचा सगळा लाव्हा पंधरा घन किलोमीटरच्या आसपास भरतो. आपल्याकडे एकेक मोठा प्रवाह त्याच्या कितीतरी पट होता, आणि असे प्रवाह एकावर एक चढत गेले. आज उरलेलं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं मानलं जातं. आंध्रात राजमहेंद्रीजवळ जो बेसॉल्ट आहे तो इथूनच वाहत गेला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

जाडीचे आकडे मला विशेष वाटले, कारण त्यांच्याशी आपल्या दोन दुःखद आठवणी जोडलेल्या आहेत. १९६७च्या कोयना भूकंपाच्या कारणांचा शोध घेताना तिथे खोल विंधनविवरं घेतली गेली, तेव्हा ९०० मीटरहून अधिक बेसॉल्ट पार केल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचे फार जुने खडक लागले. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला विवर घेतलं, तिथे बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला. पूर्वेकडे हा थर पातळ होत जातो आणि नागपूरच्या आसपास त्याची कड लागते. शहराच्या एका अंगाला बेसॉल्ट, दुसऱ्या अंगाला त्याहून कितीतरी जुने खडक. शिकायला निघालेल्या नागपूरकराला मी म्हणेन की तुम्ही आमच्याहून भाग्यवान आहात. तुलना करायला आम्हाला शेकडो किलोमीटर जावं लागतं.

ओळखण्याच्या युक्त्या या सगळ्या भटकंतीत हळूहळू हाती आल्या. पहिली म्हणजे बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. उघड्यावर राहिलेल्या बेसॉल्टवर तपकिरी पुटं चढतात, मोठ्या खडकांचे पापुद्रे सुटून गोल धोंडे होतात. आतून तोच धोंडा काळा निघतो. हातोडीने कडेचा टवका काढायचा आणि ताजी बाजू बघायची. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण घट्ट बेसॉल्टची कपची काचेच्या धारेची असते. ताज्या बाजूवर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं आणि उन्हात दगड हलवला की बारीक चकाकत्या सळ्या दिसतात, त्या फेल्डस्पारच्या. त्यांच्या मधली काळी-हिरवट भर पायरॉक्सिनची. आधी मला नुसती काळी चकाकी दिसायची. डोळा बसायला वेळ लागतो. भिंग डोळ्याला चिकटवून दगड जवळ आणायचा, दगडाजवळ भिंग नेऊन लांबून बघायचं नाही, हे कळल्यावर एकदम दिसायला लागलं.

दुसरी युक्ती चुंबकाची. दोऱ्याला बारीक पण जोरकस चुंबक टांगून दगडाजवळ नेला की तो किंचित खेचला जातो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. याच खनिजामुळे लाव्हा गोठताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची कोरली गेली. १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांवर ती दिशा मोजली गेली, तेव्हा हा लाव्हा ओतला गेला त्या काळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता असं दिसून आलं. खंड सरकतात ही गोष्ट पक्की होण्यात आपल्या घाटातल्या दगडांचा वाटा आहे. हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी खात्रीने वेगळ्या डोळ्यांनी गड चढले असते.

तिसरी व्हिनेगरची. काळा चुनखडक आणि बेसॉल्ट बाहेरून सारखे दिसू शकतात. दगड चाकूने खरवडून त्या भुकटीवर थेंब टाकायचा. चुनखडक फसफसतो, बेसॉल्ट नाही. पण बेसॉल्टच्या भोकांतली पांढरी भर कॅल्साइटची असेल तर तीही फसफसते, म्हणून थेंब कुठे पडला ते बघावं लागतं. भर फसफसली नाही आणि चाकूलाही दबली नाही, उलट तिनेच काचेवर ओरखडा काढला, तर ती गारगोटीच्या जातीची. फसफसत नाही पण चाकूने ओरखडते, तर बहुधा झिओलाइट.

भोकांवरून ओळखायला गेलं की जांभा फसवतो. पाचगणीच्या टेबललँडवर पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं तेव्हा हाच अगदी खराखुरा लाव्हा असं कुणालाही वाटेल. लालबुंद, खरबरीत, छिद्राछिद्रांचा. पण जांभा गोठून झालेला नाही. उष्ण, दमट हवेत मूळ खडक लाखो वर्षं मुरत गेला, सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा थर. पाचगणीला त्याच्या खाली बेसॉल्टच आहे. फरक भोकाच्या आतल्या भिंतीत. बुडबुड्याची पोकळी गोल किंवा ताणलेली, आतून गुळगुळीत. जांभ्याची छिद्रं वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली, आत पिवळट माती. कोकणात चिरे काढताना पाहिलं तर शंकाच राहत नाही: ताजा जांभा हत्याराने सहज कापला जातो आणि हवेवर कडक होत जातो. बेसॉल्ट असा कधी वागत नाही.

आणि काळ्या रंगाचा आग्रह मुंबईत पार मोडला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत दोन दगडांची आहे, कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर दगड. तो मालाडचा दगड ट्रॅकाइट, म्हणजे तोही ज्वालामुखीचाच. फक्त त्यात सिलिका जास्त आणि लोह कमी, म्हणून रंग फिका. कर्नाटकात मालप्याच्या समुद्रातल्या सेंट मेरी बेटांवरचे दगडी खांबही सिलिका जास्त असलेल्या लाव्ह्याचे आहेत, आणि ते दख्खनच्या आधीचे, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटत होता त्या काळातले. असा लाव्हा घट्ट, चिकट असतो. वायू त्यातून सुखासुखी निसटत नाहीत आणि स्फोट होतात. पाण्यावर तरंगणारा प्युमिस अशाच फेसाळलेल्या लाव्ह्याचा. १८८३मध्ये क्राकाताऊ फुटला तेव्हाचा प्युमिस हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला होता. सह्याद्रीत प्युमिस शोधत हिंडण्यात अर्थ नाही, हे यावरून समजलं. लोखंडाच्या भट्टीचा मळ मात्र ठिकठिकाणी सापडतो, आणि तो काचेरी, फेसाळ असल्याने लाव्हा म्हणून लोक उचलून आणतात. तो रस्त्याकडेला, भरावात, सुटा मिळतो. डोंगराच्या अंगात बसलेला कधीच मिळत नाही.

कसारा घाटात सरांनी दाखवलेला दगड माझा सगळ्यांत आवडता. बारीक दाण्याच्या काळ्या खडकात दोन-दोन, तीन-तीन सेंटीमीटरच्या फिकट फेल्डस्पारच्या पट्ट्या आडव्यातिडव्या रुतलेल्या. बेसॉल्टचा दाणा बारीक असतो हे नुकतंच शिकले होते, आणि इथे एकाच तुकड्यात बारीकही आणि एवढे मोठेही. सरांनी उत्तर दिलं नाही. विचार करा म्हणाले. जेवणाचे डबे उघडेपर्यंत मी तो दगड मांडीवर घेऊन बसले होते. मोठे स्फटिक आधीचे. शिलारस जमिनीखाली कुठेतरी थांबला होता, तिथे ते निवांत वाढले. मग तो स्फटिकांसकट वर ढकलला गेला आणि उरलेलं द्रव उघड्यावर झटकन गोठलं. एका दगडात दोन वेग. हे मला माझं मला सुचलं, आणि इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

खडकाची आणखी एक भाषा पुरंदर तालुक्यात विहिरी खोदणाऱ्या एका काकांकडून कळली. ते काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम, गेरू अशी नावं घेतात. मांजऱ्या म्हणजे आमचा सच्छिद्र माथा. "पाषाणात पाणी नाय बाई, भेग असली तरच. मांजऱ्या लागला की आशा धरायची," ते म्हणाले. लाल थराशी पोचलं की पाझर कुठून येतो ते बघतात, कारण चिकण बोल पाणी खाली जाऊ देत नाही आणि ते कडेने फुटतं. सरांचा प्रवाहाचा माथा आणि काकांचा मांजऱ्या एकच आहे हे जुळल्यावर मी दोघांची एकदा गाठ घालून दिली. दोघं विहिरीच्या काठावर बसून तासभर बोलत होते. मला त्यातलं निम्मं कळलं.

खाणींबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. खडीसाठी सुरुंगाने फुटलेल्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर प्रवाहाचं जेवढं अंग दिसतं तेवढं कुठल्याही घाटात दिसत नाही. पोकळ्यांतले झिओलाइट तर तिथेच मिळतात. लाव्हा गोठून गेल्यावर कोमट-गरम पाणी त्यात झिरपत राहिलं, खडकातली द्रव्यं विरघळवून पोकळ्यांत आणून ठेवत राहिलं. त्यातून स्टिलबाइट, हेउलँडाइट, स्कोलेसाइट आणि त्यांच्या सोबतीने अपोफायलाइट तयार झाले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हॅन्साइट निघतं, गडद निळं, व्हॅनेडियममुळे तो रंग. ते आधी अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं होतं, पण जगातले नावाजलेले नमुने वाघोलीचे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही सगळी मंडळी एका छताखाली पाहता येतात आणि प्रत्येक मराठी मुलाला एकदा तरी तिथे न्यायला हवं. पण ज्या टेकडीने हे सांभाळलं ती टेकडी खडी होऊन जाते. लाल बोलसकट, नळ्यांसकट, एक सबंध प्रवाह क्रशरमधून निघून रस्त्याखाली जातो आणि कुणी त्याचं साधं छायाचित्रही काढलेलं नसतं. रस्ते हवेत, हे मला मान्य आहे. एखादी चांगली कापलेली भिंत तरी शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवा, एवढी मागणी जास्त नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, साठेक मीटर उंच उभ्या दगडी खांबांचा, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला आहे. आणखी अशा किती जागा गेल्या असतील याचा विचार करवत नाही.

लोणारलाही गेले. तिथला खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि एके काळी तो ज्वालामुखीचं मुख समजला जाई. आता तो अशनीच्या आघाताचा म्हणून सिद्ध आहे. भोवतालचा दगड बेसॉल्टच, पण काठावरचे प्रवाह उचकटून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आणि आघाताच्या तापाने दगड वितळून झालेली काच तिथे सापडते. महाराष्ट्रात ज्वालामुखीच्या तोंडासारखं दिसणारं एकमेव ठिकाण ज्वालामुखीचं नाही. खरा जागता ज्वालामुखी बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट. ते १९९१मध्ये दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हा जागं झालं.

भेगा बघायच्या असतील तर धुळे जिल्ह्यात चला, असं सर पहिल्यापासून म्हणत होते. साक्रीच्या बाजूला सपाट माळावर सरळ रेषेत अरुंद, काळ्या टेकड्यांच्या रांगा निघतात. त्या डाइक. ज्या भेगांतून शिलारस वर चढत होता त्यांत तो शेवटी गोठून बसला. बाजूचा मऊ खडक झिजला आणि भेगेतली भर उभी राहिली. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे दोनशेहून अधिक मोठे डाइक नोंदलेले आहेत आणि सर्वांत लांब जवळजवळ ७९ किलोमीटर जातो. इथले सगळेच लाव्हा पसरवणारे होते असं नाही. काही जमिनीपर्यंत पोचलेच नसतील.

एका डाइकपाशी सर मागे थांबले आणि मला पुढे जायला सांगितलं. माथा-तळ हे इथे लागू पडेना, कारण प्रवाह आडवा असतो आणि हे उभं होतं. मी कडेचा टवका काढला, मग मधला काढला, आणि दोन्ही भिंगाखाली धरले. कडेचा जवळजवळ दाणाच नसलेला, काळाभोर. मधल्यात दाणे नुसत्या डोळ्यांनीही जाणवत होते. म्हणजे इथे गार बाजू वर-खाली नसून डावी-उजवी होती. भेगेच्या दोन थंड भिंतींना टेकलेलं अंग झटकन गोठलं, मधलं मागे राहिलं. खांबांच्या भेगाही मग उभ्या नसणार असं वाटून मी शोधायला लागले, आणि त्या खरोखर आडव्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. गिल्बर्ट हिलचे खांब आडवे निजवावेत तशा. खांब नेहमी गार होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात तडकतात, हे सरांनी मागे सांगितलं होतं. ते मला त्या माळावर समजलं.

शेजारच्या रानातला शेतकरी आमचं काय चाललंय ते बघायला आला होता. त्याने विचारलं, आणि मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "या दगडाच्या वरल्या अंगाला माझी विहीर आहे, ती एप्रिलपर्यंत चालते. खालच्या अंगाला भावाची, ती होळीलाच बसते." जमिनीखालून उताराकडे चाललेलं पाणी डाइकला अडतं, सर म्हणाले, आणि वरच्या बाजूला तुंबतं. मग त्यांनी त्याला बजावलं की यावरून दुसऱ्या गावात विहीर घेऊ नका. तिथला डाइक भेगाळलेला असला तर पाणी अडण्याऐवजी त्याच्याच अंगाने वाहून जातं, आणि ते भिंतीजवळ जाऊन, टवका काढून, भेगा बघितल्याशिवाय सांगता येत नाही.